रॅम्प झाला, पण पोरगं पाणी पीत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन झाला, त्याचे फोटो तुमच्या पेपरात आले होते. व्हीलचेअर वाटप, पाहुण्यांच्या गळ्यात हार, पोरांच्या हातात बिस्किटचे पुडे. त्या फोटोत माझं पोरगं पण आहे, मागच्या रांगेत, डावीकडून तिसरं. मी त्याला बाजूनं धरून उभी होते पण फोटो कापताना मी कापल्या गेली, त्याच्या दंडाला धरलेला माझा हात तेवढा दिसतो. राग नाही हो, आमच्या घरी सगळे हसले. पण त्या हाताबद्दलच लिहायचं आहे म्हणून हे पत्र.

मी बारावी शिकलेली आहे, फोनवर टाईप करतेय, चुका असतील तर दुरुस्त करून घ्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पोराला उद्या त्याच शाळेत जायचं आहे. आम्ही कापूसवाले, अडीच एकर कोरडवाहू, बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी.

पोरगा चौथीत आहे. जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, मग वर्ष झालं तरी बसेना, तेव्हा दवाखान्यात सेरेब्रल पाल्सी सांगितलं. पाय कैचीसारखे एकमेकांवर येतात, उजवा हात थरथरतो, बोलणं जड आहे, नव्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. पण डोकं एकदम साफ. एकोणीसपर्यंत पाढे पाठ आहेत आणि वेचणीच्या दिवसात संध्याकाळी कोणाचा किती किलो भरला, किती पैसे झाले, हा हिशोब तोंडी तोच करतो, बाया त्याच्यावरच भरवसा ठेवतात. अपंगत्वाचं सर्टिफिकेट ६५ टक्क्यांचं आहे, त्यासाठी जिल्ह्याला चार चकरा झाल्या, एकदा डॉक्टर सुट्टीवर, एकदा साईट बंद. तेव्हा एसटीत बायांना अर्धं तिकीट नव्हतं, ते २०२३ च्या मार्चपासून झालं, नाहीतर तेवढे तरी वाचले असते.

शाळेत रॅम्प आहे. आमच्या शाळेला रॅम्प नाही असं मी कुठंच म्हणणार नाही, दोन वर्षांपूर्वी झाला, पिवळा रंग दिला, बाजूला चाकाच्या खुर्चीचं चित्र पण काढलं. आता तो रॅम्प चढून वऱ्हांड्यात आलं की वर्गाच्या दाराला चार बोटं उंबरठा आहे. ते जाऊ द्या, उंबरठा पोट्टे उचलून पार करतात. खरी गोष्ट संडासाची आहे. दिव्यांग पोरांसाठी वेगळा बांधला, कमोडवाला, चांगला आहे, पण त्यात पाणी नाही आणि त्याला कुलूप, आणि चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप का तर आत खिचडीच्या तांदळाचे कट्टे ठेवलेत, दुसरीकडे उंदीर लागतात म्हणे. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, मी विचारलं तर सर म्हणाले ताई तुमच्या एकट्याच्या पोरासाठी ती खोली रिकामी ठेवली तर तांदूळ कुठं ठेवू ते सांगा. आता याच्यावर काय बोलावं, तांदूळ पण तोच खातो.

म्हणून काय होतं, मला दिवसातून दोनदा शाळेत जावं लागतं. दुपारी एकला आणि मग साडेतीनला. त्याला बाहेर आणायचं, मागे भिंतीच्या आडोशाला नेऊन धरायचं, पँट सावरायची, हात धुवून परत बसवायचं, दहा मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटांचं काम पण वावरातून शाळेत यायला वीस मिनिटं आणि जायला वीस. वेचणी किलोवर असते, यंदा आमच्याकडे किलोमागं दहा रुपये आहेत, बाकीच्या बाया चाळीस-पंचेचाळीस किलो करतात, माझी पंचवीसच्या वर जात नाही. आणि मुकादमबाई तरी किती दिवस ऐकून घेईल, ती म्हणते तुले कामाले बोलावलं का फिराले.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, ऊन चांगलं तापलं होतं, मी एकला पोचले तर हा पाटीवर काहीतरी लिहीत बसलेला, ओठ कोरडे पडलेले, आणि मला बघून म्हणतो, "माय, मी पानी नाही पेलो आज. तू नको येत जाऊ, तुही मजुरी बुडते." मी बाटली बघितली तर सकाळी भरून दिली तशीच. मग त्याच्या दोस्ताला विचारलं तर तो म्हणाला हा रोजच नाही पीत, काकू, खिचडी खाल्ल्यावर पन नाही पीत. म्हणजे किती दिवसांपासून चालू होतं देव जाणे. आमच्याकडच्या उन्हात. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या आठवडाभर मागून सुरू होतात, म्हणजे ऊन काय चीज आहे हे सरकारला माहीत आहे, पण शाळेत एखादं पोरगं लघवीच्या धाकानं पाणी पीत नाही हे कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं ते मला सापडलं नाही. फॉर्म तर ढिगानं आहेत. ऑनलाइन नोंदणी आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, आता एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, त्यात शिक्षकांनी अपंगत्वाच्या २१ प्रकारातलं कुठलं लक्षण दिसतं ते भरायचं. शाळेची माहिती सरकारला जाते त्या यूडायसमध्ये आमचा रॅम्प हो, दिव्यांग शौचालय हो, असं दोन्हीकडे हो आहे. खोटं नाही ते, दोन्ही बांधलेलं आहेच.

आता कोणी म्हणेल व्हीलचेअर मिळाली ना. मिळाली. शिबिरात माप घेतलं, सात-आठ महिन्यांनी खुर्ची आली, तोवर पोराची मांडी तीन बोटं वाढली. पण तीही अडचण नाही, बसतो तो. अडचण अशी की या खुर्चीची पुढची दोन चाकं लहान आहेत, दवाखान्याच्या फरशीवर बरी, आणि आमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा. जून ते ऑक्टोबर ती चाकं रुततात, मातीचा गोळा होऊन फिरतच नाहीत, काडीनं कोरून काढावी लागतात. मग उन्हाळ्यात तेवढी चालते. पावसाळ्यात तिच्यावर आम्ही गोधड्या वाळत घालतो, खोटं कशाला सांगू. शाळेत जायला त्याच्या बापानं जुन्या सायकलच्या कॅरेजवर लाकडी खोका बसवलाय, पाठीला टेका, पुढून ओढणीचा पट्टा, आणि दोन पोरं मागून ढकलतात. सरपंचाच्या पोरापेक्षा थाटात जातो.

आणि एक गोष्ट चांगली पण लिहायची आहे नाहीतर वाटेल ही बाई फक्त तक्रारच करते. आमच्या केंद्राला, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या शाळा मिळून असतं त्याला, विशेष शिक्षिका आहेत, समावेशित शिक्षणवाल्या. त्या आल्या नसत्या तर हे पोरगं लिहू शकलं नसतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, पेन्सिलीवर गुंडाळला, जाड केली, आणि म्हणाल्या आता धर. मग पाटी सपाट नको म्हणून खाली दोन विटा ठेवून तिरकी केली आणि पाटीच्या कडेला सुतळीनं बाकाला बांधली, म्हणजे हात थरथरला तरी पाटी सरकत नाही. अर्ध्या तासात. एक रुपया खर्च नाही. त्या दिवशी त्यानं "ग" काढला, गदा, गवत, गाय सगळं त्या एका ग वर म्हणून दाखवलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं तर मॅडम म्हणाल्या रडू नका, मलाही रडवाल, मला अजून तीन शाळा करायच्या आहेत.

तर त्यांच्याकडे बारा शाळा आहेत. पंधरा दिवसातून एकदा येतात, गुरुवारी, आणि त्यातही पंचायत समितीतून फोन आला की अमुक माहिती आजच्या आज भरा, की तो गुरुवार गेला. इतकी वर्षं कंत्राटावर होत्या बिचाऱ्या, पगार कधी तीन महिन्यांनी. २०२४ मध्ये सरकारनं केंद्राला एक याप्रमाणं राज्यात ४८६० पदं मंजूर केली ते चांगलंच झालं. सुप्रीम कोर्टानं पण २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा दिव्यांग पोरांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे आणि त्याच्या वरच्या वर्गांना पंधरामागे एक. मी हे वाचलं तेव्हा खूप खुश झाले, मग हिशोब केला. आमच्या केंद्रात अशी पोरं एका गावात नाहीत ना, एक इथं, दोन तिथं, एक नाल्यापलीकडच्या बेड्यावर, छोट्या वस्तीत. शहरातल्या मोठ्या शाळेत दहा पोरं एका छपराखाली सापडतील, इथं दहा पोरं म्हणजे दहा गावं आणि मध्ये बारा किलोमीटर रस्ता. त्यामुळं प्रमाण कागदावर बसलं तरी मॅडम पंधरा दिवसातून एकदाच येणार. आणि मॅडम रोज आल्या तरी पोरांना लघवीला नेणं त्यांचं काम आहे का. वर्गाच्या मास्तरांचं तरी आहे का. आमच्या शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग, ३८ पोरं, त्यातला एक आज ट्रेनिंगला तर उद्या मतदार यादीला. चांगला जीव लावणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची ऑनलाइन बदली झाली. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं, "ताई, पोट्टं तुमचं हुशार हाय, पन माहे हात दोनच हायत." मला ते खरं वाटलं.

कायदा मी थोडाफार वाचला आहे, तालुक्याच्या एका वकील ताईंनी समजावून सांगितलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ४० टक्के किंवा त्याच्या वर अपंगत्व असलेल्या पोराला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा जवळची का खास दिव्यांगांची हे निवडायचं आम्ही. बाकीच्या पोरांना आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १४ वर्षांपर्यंत, यांना १८. शाळेनं इमारत सोयीची करायची, त्या पोराला लागेल ती सोय करून द्यायची, नेण्याआणण्याची व्यवस्था करायची, जास्त मदत लागत असेल तर सोबतच्या माणसाची पण, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. इतकं छान लिहिलंय की वाचून वाटतं लिहिणाऱ्याच्या घरी असं पोरगं असेल. मदतनीस भत्ता म्हणून पैसे पण येतात, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून. आम्हाला आले, फॉर्म भरला जुलैमध्ये, पैसे आले मार्चच्या शेवटी, एकदम. आले ते नाकारत नाही, पण मार्चला आलेल्या पैशानं सप्टेंबरमध्ये माणूस कसा ठेवायचा. आणि तो भत्ता शेवटी माझ्याच खात्यात येतो म्हणजे सरकारच्या हिशोबात पण मदतनीस मीच आहे.

गेल्या वर्षी एक साहेब भेटीला आले होते, स्वभावानं चांगले, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई कशाला एवढी धावपळ, होम बेस्डमध्ये नाव टाकू, मॅडम घरी येऊन शिकवतील, तांदूळ घरपोच, शाळेची हजेरी पण लागेल. मी म्हटलं साहेब, त्याला शिकायला नाही पाठवत मी फक्त. तो डबा उघडल्यावर दोस्त त्यातलं लोणचं चोरतो, ते कोण चोरेल घरी. घरी शिकायची सोय कायद्यात आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आली, पण ती ज्याचं अपंगत्व फार जास्त आहे किंवा एकापेक्षा जास्त प्रकारचं आहे त्याच्यासाठी मागितली तर द्यायची आहे. संडासाची चावी सापडत नाही म्हणून पोरगं घरी पाठवायला ती सोय नाही केलेली.

असं पण सांगतात की खास शाळेत घाला. वरोऱ्याला आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे, मुकबधिर मुलांची आहे, मोठं काम आहे. आमच्या अमरावतीकडे वझ्झरला लोकांनी टाकून दिलेल्या किती दिव्यांग लेकरांना शंकरबाबा पापळकरांनी आपलं आडनाव दिलं, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांच्याकडं वाढलेली डोळ्यांनी न दिसणारी मुलगी एमपीएससी पास झाली, त्या बातमीचा पेपर मी घडी घालून ठेवलाय. पण साहेब, ती लेकरं ज्यांना कोणी नव्हतं ती. माझ्या पोराला माय आहे, बाप आहे, लोणचं चोरणारा दोस्त आहे, शाळा घरापासून सहाशे पावलं आहे. त्याला दहाव्या वर्षी होस्टेलला का पाठवू, पाणी प्यायला मिळावं म्हणून?

आणि हे फक्त चाकाच्या खुर्चीवाल्यांचं नाही. माझ्या नणंदेची मुलगी गोंदियाकडे आठवीत आहे, तिला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात घरोघर माहीत असलेला आजार, गोंदिया-गडचिरोलीकडे तर फारच. पण २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे हे तिच्या शाळेत कोणालाच माहीत नव्हतं, तिच्या घरी पण नव्हतं, मीच सांगितलं. कारण ती चालते, पळते, दिसायला काहीच नाही. थंडीत किंवा पाणी कमी पडलं की हातपाय असे ठणकतात की रात्रभर रडते, आठ-आठ दिवस शाळा बुडते, आणि शाळेत म्हणतात बहाणे करते. तिला डॉक्टरांनी सांगितलंय की दिवसभर पाणी पीत राहा. पाणी प्यायलं की जावं लागणार, तास चालू असताना उठलं की बोलणी बसतात, आणि मुलींच्या संडासाला कडी नाही. तर तीही पीत नाही. इकडे हा, तिकडे ती, दोघांचं दुखणं वेगळं आणि दोघांच्या बाटल्या भरलेल्या घरी येतात.

आता खरी घाई कशाची ते सांगते. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवी साडेतीन किलोमीटरवर, मध्ये नाला. पोरी मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं जातात, ती मुलींसाठी आहे, आणि कंडक्टर दादानं याला घेतलंही तरी एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर आहे, २४ किलोचं पोरगं उचलून मी कितीदा चढणार. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या असं २०२३ पासून ऐकतोय, आमच्या बाजूच्या गावची पटसंख्या १७ आहे, तिथं लोक आतापासून घाबरलेत. गाडी देऊ म्हणतात. चांगल्या पायाच्या पोराला गाडी लागते, यांना गाडी अधिक माणूस लागतो. मॅडम मला धीर देतात की दहावीला त्याला लेखनिक मिळेल, तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळतील, काळजी करू नका. मी म्हणते मॅडम दहावीचं तुम्ही म्हणता तर होईलच, मला जूनमधल्या पाचवीचं सांगा.

माझं मागणं लहान आहे. जसं शाळेत खिचडी शिजवायला गावातलीच बाई असते, थोड्याशा मानधनावर, तशी एक मदतनीस बाई किंवा माणूस ज्या शाळेत असं पोरगं आहे तिथं द्या. शिकलेली नसली तरी चालेल. मॅडम तिला एक दिवस दाखवतील कसं उचलायचं, कसं धरायचं, मी पण दाखवीन. आमच्या खिचडीवाल्या वहिनी तर स्वतःहून म्हणाल्या मी करीन, पण सरांनी सांगितलं तुमचं ते काम नाही, उद्या पोरगं पडलं तर जबाबदार कोण. बरोबर आहे त्यांचं, लेखी पाहिजे. ते पोरगं दुसऱ्या शाळेत गेलं की मदतनीसचं पद त्याच्या मागं जाऊ द्या, माझा एवढा विचार पोचतो.

आणि ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचाच असतो. आमच्याकडे तो दिवाळीच्या आधी घरटी थोडा थोडा वाटतात, आम्ही पण घेतो, तेल-साखर येते. यंदा मी लिहून दिलं की माझ्या घरचा हिस्सा नको, त्याच्यात बाकीचे घालून शाळेच्या त्या संडासात पाण्याची टाकी बसवा, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला जीआय पाईप लावा आणि तांदळासाठी पत्र्याची पेटी घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्या भावानं पाईप वेल्ड करून देण्याचे पैसे घेणार नाही म्हटलंय. माप मी स्वतः घेतलंय, पोराला भिंतीशी उभं करून, जमिनीपासून दोन फूट एक इंच, पण वाढतं पोरगं आहे म्हणून सव्वादोन फूट सांगितलंय. पाईप असला तर तो एकट्यानं उभा राहू शकतो, घरी बाजेला धरून राहतोच.

अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी दिला आहे, ग्रामसेवकांची सही-शिक्का असलेली पोच माझ्याकडे आहे. एक प्रत शाळेत दिली, एक पंचायत समितीत. चौथी तुम्हाला पाठवतेय.

आपली,
चौथीतल्या एका पोराची माय